वजन उतरलं म्हणून पेढे वाटण्याआधी पोटरी मोजा

सांगली, मिरज, कुपवाड या पट्ट्यात घरोघरी जाऊन फिजिओथेरपी करताना एक चित्र वारंवार बघायला मिळतं. साठी ओलांडलेला माणूस, दहा-बारा वर्षांचा मधुमेह. रिपोर्ट सुधारलेले, वजन सात-आठ किलोनं उतरलेलं, घरचे खूश. आणि हाच माणूस कमोडवरून उठताना शेजारचा नळ धरतो.

विश्रामबागेतल्या एका मावशींच्या पाटल्या हात वर केला की थेट कोपरापर्यंत घसरायच्या. पूर्वी त्याच पाटल्या साबण लावून काढाव्या लागत. "वजन कमी झालं, सगळे म्हणतात छान झालं," त्या म्हणाल्या. मी त्यांना हाताची घडी घालून खुर्चीतून उठायला सांगितलं. दोनदा उठल्या. तिसऱ्यांदा अर्ध्यातून मागे बसल्या आणि हसायला लागल्या, "अगं बाई, हे काय झालं?"

झालं असं की चरबीबरोबर मांड्याही गेल्या. जेवणानंतर रक्तात आलेली साखर शोषून घेणारं सगळ्यात मोठं कोठार म्हणजे स्नायू. ते आक्रसलं की साखर आवरणं अवघड होतं आणि साखर बेताल राहिली की स्नायू आणखी झिजतात. शिवाय प्रश्न जगण्याचा आहे. मधुमेहींमध्ये ज्यांचे स्नायू कमी, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जास्त, असं अनेक पाहण्यांत दिसलं आहे. १७ देशांतल्या सुमारे १.४ लाख लोकांच्या एका मोठ्या पाहणीत (त्यात भारतही होता, निष्कर्ष २०१५ मध्ये आले) मुठीची पकड दर ५ किलोनं कमी असली की मृत्यूचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी जास्त आढळला. ही पाहणी सगळ्यांची होती, फक्त मधुमेहींची नव्हती. आणि हा संबंध आहे. पकड वाढवली की आयुष्य तेवढं वाढतं असा त्याचा हिशोब मांडू नये. पण पडणं, हाड मोडणं, अंथरुणाला खिळणं आणि तिथून पुढची घसरण ही साखळी मी डोळ्यांनी पाहिली आहे. तिची पहिली कडी बहुतेक वेळा मांडीतच असते.

लोकांचा क्रम असा असतो: आधी भाकरी निम्मी, मग आमराईत चालणं, साखर नाही उतरली तर भाकरी आणखी निम्मी आणि चालणं दुप्पट. ताकदीचा व्यायाम कधीच नाही. खाली दिलेला क्रम वेगळा आहे. तो मधेच तोडू नका, पायऱ्या गाळू नका.

## १. आधी मोजा

साहित्य: शिंप्याची टेप, हात नसलेली लाकडी खुर्ची (बसायची उंची साधारण १७ इंच), मोबाइलमधलं घड्याळ, खडू, एक वही. वजनकाटा असला तर ठीक, नसला तरी अडत नाही.

पोटरी. खुर्चीत बसा, पाय जमिनीला सपाट, गुडघा काटकोनात. पोटरीचा सगळ्यात जाड भाग शोधून टेप गुंडाळा. टेप कातडीला लागेल एवढीच, आवळायची नाही. दोन्ही पाय मोजा, मोठा आकडा लिहा. आशियाई लोकांसाठी २०१९ मध्ये ठरलेल्या निकषांनुसार पुरुषांत ३४ सेंटिमीटरपेक्षा कमी आणि बायकांत ३३ पेक्षा कमी असेल तर स्नायू घटल्याची शंका घ्यायची.

खुर्ची. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हाताची घडी छातीवर. पूर्ण उभं राहायचं, पूर्ण बसायचं, असं पाच वेळा, जमेल तितकं भरभर. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पायांची ताकद कमी आहे. पाच वेळा जमलंच नाही तर किती वेळा जमलं ते लिहा. लाजायचं काही नाही, तीच तुमची सुरुवात.

चाल. गच्चीवर किंवा बोळात खडूनं ६ मीटरच्या दोन रेघा मारा. पहिल्या रेघेच्या दोन पावलं मागून नेहमीच्या चालीनं निघा, दुसरी रेघ ओलांडून पुढे जा. दोन रेघांमधला वेळ दुसऱ्या कुणी मोजायचा. ६ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर चाल मंदावली आहे.

पकड. मुठीची ताकद मोजायचं यंत्र बऱ्याच फिजिओथेरपी विभागांत असतं. पुरुषांत २८ किलो आणि बायकांत १८ किलोच्या खाली आकडा आला तर तो कमी. यंत्र नसेल तर ही मोजणी सोडा. बरणीचं झाकण उघडतं का, ओला टॉवेल पिळता येतो का, एवढं वहीत लिहा.

*सावधान:* पायावर सूज असेल तर पोटरीचा आकडा खोटा जाड येतो. नडगीवर बोटानं पाच सेकंद दाबा. खड्डा राहिला तर पोटरीच्या मापावर विसंबू नका आणि सुजेचं कारण डॉक्टरांना विचारा. रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या काही गोळ्यांनीही सूज येते.

नेहमीची चूक: फक्त वजन बघणं. वजनकाटा चरबी आणि स्नायू एकाच पारड्यात तोलतो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपल्या लोकांची ही ठेवण जगापुढे मांडली: बारीक दिसणारा भारतीय माणूस, पण अंगात चरबी भरपूर आणि स्नायू कमी. त्यांनी स्वतःचं आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याचं माप शेजारी ठेवलं. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) सारखाच, २२.३. अंगातली चरबी मात्र एकाची ९.१ टक्के, आपल्या डॉक्टरांची २१.२. तेव्हा "मी तर आधीच बारीक, मला कशाला हे" असं म्हणणाऱ्यांनी टेप आधी उचलावी.

## २. व्यायामाआधी दवाखान्याची एक फेरी

ही पायरी गाळणारे सगळ्यात जास्त. एका आप्पांनी नातवाचं डंबेल उचलायला सुरुवात केली. डोळ्याची तपासणी चार वर्षांत झालेली नव्हती. पंधराव्या दिवशी एका डोळ्यापुढे काळे धागे तरंगायला लागले. त्यांचं निभावलं, पण महिनाभर उपचारांत गेला.

कागदावर हे लिहून न्या:

डोळे. पडदा शेवटचा कधी तपासला? पडद्यावर नव्या नाजूक रक्तवाहिन्या किंवा रक्तस्राव असेल तर जड वजन आणि श्वास कोंडून जोर लावणं बंद. उपचार झाल्यावर डोळ्याचे डॉक्टर सांगतील तेव्हाच पुढे जायचं.

किडनी. रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन (लघवीतून जाणारं प्रथिन), दोन्ही. इथे एक मेख आहे. क्रिएटिनिन स्नायूंपासून तयार होतं. स्नायूच कमी असतील तर किडनी बिघडलेली असूनही आकडा चांगला दिसू शकतो. म्हणून वाळलेल्या म्हाताऱ्या माणसाचं "क्रिएटिनिन नॉर्मल" एवढ्यावर समाधान मानू नका, लघवीची तपासणी मागा. पुढच्या पायरीत प्रथिनं किती खायची ते यावरच ठरतं.

पाय. तळव्याची संवेदना तपासून घ्या. जखम किंवा व्रण असेल तर उभ्यानं करायचे व्यायाम बंद, बसून करायचे चालू.

हृदय. चालताना छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, नेहमीपेक्षा जास्त धाप यातलं काहीही होत असेल तर आधी ते सांगा. मधुमेहात छातीत न दुखताही हृदयाचा त्रास असू शकतो.

औषधं. गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्या, नावं आठवून सांगू नका. इन्सुलिन, ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांच्यामुळे व्यायामानंतर साखर खाली जाऊ शकते, त्यामुळे डोस बदलावा लागेल का ते विचारा. नुसत्या मेटफॉर्मिनवर ही भीती फारशी नाही, पण ती वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत बी-१२ कमी होऊ शकतं आणि पायांना मुंग्या, अशक्तपणा येऊ शकतो. बी-१२ आणि ड जीवनसत्त्व एकदा तपासा.

*थांबा:* साखर सतत २५०-३०० च्या वर, खूप तहान, वारंवार लघवी आणि वजन आपोआप घटतंय, अशी अवस्था असेल तर पुढच्या पायऱ्या आत्ता तुमच्यासाठी नाहीत. शरीर स्नायू जाळून दिवस काढतंय. आधी साखर खाली आणा. डॉक्टर इन्सुलिन सुरू करा म्हणत असतील आणि "सुई लागली की कायमची" म्हणून तुम्ही सहा महिने टाळत असाल, तर ते सहा महिने मांड्यांच्या हिशोबात जातात. इन्सुलिन स्नायूंची झीज थांबवतं.

उलट टोकही आहे. ऐंशीच्या घरातल्या, चार आजार असलेल्या माणसाची साखर तरुणासारखी करायच्या नादात त्याला उपाशी ठेवतात. या वयात एचबीए१सीचं (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या तपासणीचं) लक्ष्य डॉक्टर मुद्दाम सैल ठेवतात. आपल्या घरातल्या माणसाचं लक्ष्य किती, हे विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

## ३. ताट नीट करा, आणि सुरुवात सकाळपासून

व्यायामाच्या आधी ताट, कारण विटा नसताना गवंडी बोलावून भिंत उभी राहत नाही. इथेच सगळ्यांचं घोडं पेंड खातं.

हिशोब सोपा आहे. निरोगी प्रौढाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं असं आपल्याकडचं २०२० चं अधिकृत प्रमाण. साठीच्या पुढे, किडनी ठीक असेल तर, किलोमागे १ ते १.२ ग्रॅम. ६० किलोच्या माणसाला दिवसाला ६० ते ७२ ग्रॅम.

आता आपल्याकडचा नेहमीचा दिवस मोजू. सकाळी चहा-बिस्किटं आणि पोहे: ६ ग्रॅम. दुपारी दोन पोळ्या, पातळ आमटी, वांग्याची भाजी, थोडा भात: १४. संध्याकाळी चहा आणि मूठभर भडंग: २. रात्री एक भाकरी, आमटी, भाजी: ११. बेरीज ३३. गरजेच्या निम्मी. भडंग सांगलीचं, मलाही आवडतं, पण ते चुरमुरे आहेत. त्यातले शेंगदाणे वेचून खाल्ले तरी बेरीज हलत नाही.

हेच ताट असं बदलतं. सकाळी दोन अंडी, किंवा वाटीभर बेसनाची दोन धिरडी, सोबत वाटीभर दही: १७ ग्रॅम. दुपारी दोन पोळ्या, वाटीभर घट्ट मटकीची उसळ, ताक: १७. संध्याकाळी मूठभर फुटाणे-शेंगदाणे: ७. रात्री एक ज्वारीची भाकरी आणि ७५ ग्रॅम पनीर, किंवा २५ ग्रॅम कोरड्या सोया वड्यांचा रस्सा: १९. झोपताना पेलाभर बिनसाखरेचं दूध: ६. झाले ६६. आठवड्यातून दोनदा मटण, चिकन, मासे होत असतील तर त्या दिवशी आणखी सोपं. शिजलेल्या १०० ग्रॅम चिकनमध्येच २५ च्या आसपास प्रथिनं असतात. पण ते "रस्सा ओढला, फोडी नातवाला दिल्या" असं खायचं नाही. आमच्याकडच्या आज्या हेच करतात.

ज्यांचं वजन जास्त आहे त्यांनी ही भर भाकरी-भाताच्या जागी करायची, वर नाही. ज्यांचं वजन आधीच उतरलंय त्यांनी भाकरी कमी करू नये, नुसती भर घालावी आणि साखरेचं बघायला डॉक्टर आहेत.

प्रथिनं एकाच जेवणात कोंबू नका. एका वेळी साधारण २० ग्रॅम, दिवसातून तीनदा. आपल्याकडे नेमकी सकाळ कोरडी जाते. रात्रभराच्या उपासानंतर सकाळी चहा-खारी देऊन स्नायूंना अकरा-बारा वाजेपर्यंत ताटकळत ठेवण्यात काय अर्थ आहे?

*सावधान:* किडनीचा आजार असेल तर हा सगळा हिशोब तुमच्यासाठी नाही. डायलिसिस सुरू नसताना सहसा किलोमागे ०.८ ग्रॅमच्या आसपास सांगतात, डायलिसिसवर असताना उलट जास्त लागतं. आकडा तुमच्या किडनीच्या डॉक्टरांकडूनच घ्या.

आता चुका, माझ्या वहीतून, जशा दिसल्या तशा.

आमटीला डाळ समजणं. पातळ आमटीच्या वाटीत डाळ चमचा-दोन चमचे असते. मधुमेही माणसासाठी आमटी वेगळी घट्ट काढा, बाकीच्यांसाठी पाणी वाढवा.

दात. उसळ चावत नाही म्हणून सोडून दिलेली असते आणि कुणी विचारत नाही. कवळी सैल असेल तर दुरुस्त करून घ्या. तोवर उसळ कुकरला एक शिट्टी जास्त, नाहीतर मुगाचं धिरडं, दही, अंड्याची भुर्जी, सोयाचं पीठ पोळीत.

उपवास. गुरुवार, एकादशी, चतुर्थी मिळून महिन्यात आठ-आठ दिवस साबुदाणा आणि बटाटा. साखर चढते, प्रथिनं शून्याच्या जवळ. उपवास सोडा असं मी सांगत नाही, कुणी ऐकतही नाही. दही, दूध, पनीर, शेंगदाण्याची आमटी आणि वरी एवढं त्या दिवशी ताटात आलं तरी पुष्कळ. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडवर असाल तर निर्जळी उपवास डॉक्टरांना न विचारता करायचा नाही.

डब्यातली पावडर. ताटातून ६० ग्रॅम होत असतील तर पावडरीची गरज नाही. होत नसतील तर डॉक्टरांशी बोलून घ्या, पण लेबलवर साखर किती ते आधी वाचा.

*तपासा:* आठ दिवस खाल्लेलं वहीत लिहा. सात सकाळींपैकी पाच सकाळी १५ ग्रॅमच्या वर प्रथिनं गेली असतील तर पुढच्या पायरीवर या. नसतील तर आणखी आठ दिवस इथेच.

## ४. ताकदीचा व्यायाम: पहिले चार आठवडे

आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, सलग नको. सोमवार-गुरुवार, किंवा सोमवार-बुधवार-शनिवार. स्नायू भरून यायला मधला दिवस लागतो. "रोज केलं तर लवकर होईल" ही चूक उत्साही माणसं करतात आणि तिसऱ्या आठवड्यात गुडघा धरून बसतात.

वेळ: नाश्त्यानंतर एक ते दोन तासांनी. रिकाम्या पोटी नाही.

व्यायामाआधी साखर तपासायची (इन्सुलिन किंवा वर सांगितलेल्या गोळ्यांवर असणाऱ्यांनी दर वेळी, निदान पहिला महिना). ९० च्या खाली असेल तर आधी एक छोटं केळं किंवा पोळीचा तुकडा खा, थोडं थांबा, मग सुरू करा. २५० च्या वर असून मळमळ, पोटदुखी, गळून गेल्यासारखं होत असेल तर व्यायाम नाही, डॉक्टरांना फोन. मांडीत इन्सुलिन घेऊन लगेच पायांचा व्यायाम केला तर ते भराभर शोषलं जातं, त्या दिवशी पोटावर घ्या.

खिशात ग्लुकोज किंवा साखर हवी. घाम, थरथर, गरगर, चिडचिड झाली की थांबून तपासा. ७० च्या खाली असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून प्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. तपासायला यंत्र हाताशी नसेल तरी साखर आधी प्या. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल तर धडधड, थरथर कळत नाही. तुमची खूण घाम. व्यायामानंतर साखर त्या रात्रीही उतरू शकते, म्हणून पहिल्या काही वेळी झोपतानाही तपासा.

पायात बूट किंवा मागून पट्टा असलेली चप्पल. शहाबादी फरशीवर अनवाणी किंवा मोज्यांवर नाही. प्लॅस्टिकची खुर्ची नाही, ती सरकते आणि तिचे पाय फाकतात.

क्रम असा:

अ) *पाच मिनिटं जागेवर चालणं.* अंग गरम होईपर्यंत.

आ) *खुर्चीतून उठबस.* सगळ्यात महत्त्वाचा व्यायाम, म्हणून पहिला. दमल्यावर करायचा नाही. दोन पायांत खांद्यांएवढं अंतर, टाचा गुडघ्यांच्या थोड्या मागे. छाती पुढे झुकवा, नाक पायाच्या अंगठ्यांवर आलं की उठा. उठताना तोंडानं श्वास सोडा, "हूं" असा आवाज आला तरी चालेल. बसताना तीन आकडे मोजत हळू बसा. धपकन बसणं म्हणजे निम्मा व्यायाम वाया. हात न लावता जमत नसेल तर खुर्चीत उशी ठेवून उंची वाढवा. हळूहळू उशी पातळ करत न्या.

इ) *भिंतीवरचे जोर.* भिंतीपासून हातभर लांब, तळवे छातीच्या उंचीला. कोपरं वाकवत छाती भिंतीकडे, श्वास सोडत मागे. मधुमेहात खांदा आखडणं पुष्कळ दिसतं. हात वर जात नसेल तर जबरदस्ती नको. तळवे खाली घ्या, नाहीतर ओट्याच्या कडेला हात ठेवून करा.

ई) *टाचा उचलणं.* ओटा धरून दोन्ही टाचा वर, दोन आकडे थांबा, हळू खाली. तळव्यांना संवेदना कमी असेल तर हात सोडायचा नाही.

उ) *बाटली ओढणं.* एक हात टेबलावर, कंबर वाकवून पाठ सरळ, दुसऱ्या हातात भरलेली लिटरची बाटली. कोपर बरगडीला घासत मागे घ्या. पाठीचे आणि दंडाचे स्नायू इथे लागतात, मुठीची पकडही.

ऊ) *पाठीवर झोपून कंबर उचलणं.* गुडघे वाकवून, पलंगावरही चालेल. वर तीन आकडे.

प्रत्येक व्यायाम १० वेळा. पहिल्या आठवड्यात एकच फेरी, दुसऱ्यापासून दोन, दोन फेऱ्यांमध्ये मिनिट-दीड मिनिट बसा. शेवटचे दोन-तीन जड वाटले पाहिजेत. दहाही लीलया झाले तर काही घडलं नाही, दहापर्यंत पोचताना तोल किंवा पाठ बिघडत असेल तर जास्त झालं.

*सावधान:* श्वास कोंडू नका. जोर लावताना श्वास धरला की रक्तदाब क्षणात उसळतो. आकडे मोठ्यानं मोजा. मोठ्यानं मोजणाऱ्याला श्वास धरताच येत नाही. छातीत दाब, अंधारी, अचानक दिसणं कमी झालं तर जागीच थांबा आणि दवाखाना गाठा. खुर्चीतून उठल्यावर गरगरत असेल तर मिनिटभर धरून उभं राहा, आणि बसून व उभं राहून असा दोन्ही वेळचा रक्तदाब तपासून घ्या.

व्यायाम झाला की बूट काढून तळवे बघा. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा. लाल डाग, फोड, ओलसरपणा काही दिसलं तर दोन दिवस उभ्याचे व्यायाम बंद आणि डॉक्टरांना दाखवा.

"पैलवानांच्या मुलखात येऊन आम्हाला बैठका शिकवता व्हय?" असं एका अण्णांनी मला ऐकवलं. तरुणपणी ते तालमीत जायचे. खुर्चीवरून सहाव्या उठबशीला धाप लागली तेव्हा म्हणाले, "हितनं सुरू करायचं तर." अण्णा, तुम्ही सुज्ञ आहात. पूर्ण खाली जाणारी हनुमान बैठक साठीनंतर, झिजलेल्या गुडघ्यांवर सुरुवातीला करायची नाही.

## ५. वजन कधी वाढवायचं

दोन्ही फेऱ्यांत १२ वेळा, व्यायामाच्या लागोपाठच्या दोन दिवशी, चेहरा न वाकडा करता जमलं की वाढवा. एका वेळी एकच गोष्ट. उठबशीसाठी आधी उशी काढा, मग पाच लिटरचा तेलाचा रिकामा कॅन पाण्यानं निम्मा भरून छातीशी धरा, मग पूर्ण. पूर्ण भरलेला म्हणजे ५ किलो. टाचा एका पायावर. जोर भिंतीवरून ओट्यावर. बाटली दोन लिटरची. नंतर जिन्याची एकच पायरी चढ-उतर, कठडा धरून.

जिम किंवा तालमीत जायचं तर आता जा, आधी नाही. तिथल्या शिक्षकांना मधुमेह, डोळे, औषधं हे तोंडानं सांगा. पंचविशीच्या पोराशी बरोबरी करायला जाऊ नका.

आठ-दहा आठवडे तेच दहा, तीच बाटली, हे मी फार बघतो. हजेरी लागते, ताकद तिथेच राहते.

## ६. चालणं कुठे बसवायचं

चालणं सोडायचं नाही. आठवड्याला १५० मिनिटं हे प्रमाण कायम आहे. फक्त ते ताकदीच्या व्यायामाची जागा घेत नाही. सकाळी आमराईत किंवा कृष्णेच्या घाटाकडे तासभर चालणारे, पण खुर्चीतून हात टेकून उठणारे मला डझनानं माहीत आहेत.

जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं, अंगणात किंवा गच्चीवर, दिवसातून दोन-तीनदा असं तोडून चाला. जेवणानंतरची चढणारी साखर त्यानं चांगली आवरते. दर अर्ध्या तासाला उठून दोन-तीन मिनिटं हालचाल करा. मार्केट यार्डात दिवसभर गादीवर बसणाऱ्यांनी हे एवढं केलं तरी पुरेसा फरक पडतो.

पावसाळ्यात बाहेरचं चालणं बंद पडतं. पुराच्या दिवसांत तर घरच हलवावं लागतं. उठबस, भिंत आणि टाचा यांना मैदान लागत नाही. सामान बांधताना औषधांच्या पिशवीत बूटही टाका. पुराच्या पाण्यात अनवाणी पाय घातल्यानंतर चिघळलेल्या जखमा मी पाहिल्यात.

## ७. आजारपण, ऑपरेशन आणि वजन घटवणारी इंजेक्शनं

आठ दिवस अंथरुणात गेले की म्हाताऱ्या माणसाचे पाय डोळ्यांदेखत वाळतात. ताप, निमोनिया, मोतीबिंदू नव्हे पण पोटाचं किंवा हाडाचं ऑपरेशन झालं तर पहिल्या भेटीतच डॉक्टरांना विचारा: कधी बसवायचं, कधी उभं करायचं? अंथरुणातही घोटे फिरवणं, गुडघा ताणून धरणं, कंबर उचलणं हे परवानगीनं चालू ठेवता येतं. आजारात "हलकं खा" म्हणून आठ दिवस पेजेवर ठेवतात. पेजेत मुगाची डाळ घाला, दही द्या, अंडं चालत असेल तर अंडं. बरं झाल्यावर पूर्वीच्या वजनावर थेट जाऊ नका, एक पायरी मागून सुरू करा.

आठवड्यातून एकदा घ्यायच्या वजन घटवणाऱ्या इंजेक्शनांनी भूक मरते आणि वजन झपाट्यानं उतरतं. उतरलेल्या वजनात काही भाग स्नायूंचा असतोच. ही इंजेक्शनं चालू असतील तर तिसरी आणि चौथी पायरी डबल काटेकोर पाळा. भूक नाही म्हणून ताटात जे दोन घास जातात, त्यातला पहिला घास प्रथिनांचा: आधी पनीर, मग पोळी. पोटरी दर महिन्याला मोजा.

## ८. पुन्हा मोजा

दर तीन महिन्यांनी, एचबीए१सी करायच्या आठवड्यातच. तीच टेप, तीच खुर्ची, तीच वेळ. खुर्ची बदलली की आकडा बदलतो. शिंप्याची जुनी टेप ताणलेली असते, स्टीलच्या पट्टीशी एकदा जुळवून घ्या.

खुर्चीचा वेळ आधी सुधारतो, सहा-आठ आठवड्यांत. पोटरी मागाहून आणि थोडीच. म्हणून तीन महिन्यांत टेप हलली नाही म्हणून सोडून देऊ नका. वजन घटलं, पण खुर्चीचा वेळ तोच किंवा कमी झाला तर योग्य वाटेवर आहात. वजन घटलं आणि वेळ वाढला तर तिसऱ्या पायरीवर परत जा, आणि सहा महिन्यांत वजनाच्या ५ टक्क्यांहून जास्त घट प्रयत्न न करता झाली असेल तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे. थायरॉइड, टीबी, आतड्याचे आजार, इतरही कारणं तपासावी लागतात.

वहीत चारच रकाने ठेवा: तारीख, वजन, पोटरी, खुर्ची. पाचवा रकाना "कसं वाटलं" असा ठेवला तर लोक तिथे निबंध लिहितात आणि पहिले चार रिकामे सोडतात.

विश्रामबागेच्या मावशींच्या वहीतली तिसऱ्या मोजणीची ओळ त्यांच्या अक्षरात अशी आहे: "५१ किलो. पोटरी ३१॥. खुर्ची पाच वेळा, १४ सेकंद. चौथ्याला हात लागला."